चांदी आणि नाणे

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ताम्हनात एक रुपया ठेवला जात असे. सातव्या एडवर्डचे मस्तक असलेला, १९०७ सालचा. त्या काळचा रुपया म्हणजे नेमका एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. आजोबांनी तो आपल्या पहिल्या पगारातून बाजूला ठेवला होता, असे वडील सांगत. वडिलांच्या पश्चात तो माझ्याकडे बेंगळूरला आला. इतक्या वर्षांत त्यावर काळसर करडी छटा चढली होती. दिवाळीच्या आदल्या रात्री मी रांगोळी आणि दंतमंजन घेऊन तो घासला, लख्ख केला, आणि मोठे कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात झोपी गेलो.

पुढे येथील एका नाणेप्रदर्शनात तो मी एका वृद्ध संग्राहकांना दाखविला. त्यांनी भिंगाखाली धरून तो उलटसुलट पाहिला आणि कानडीत हळूच म्हणाले, "चांदी आहे, साहेब, नाणे मात्र राहिले नाही."

श्रोतेहो, त्या एका वाक्याने मला या छंदाचा पहिला धडा दिला. चांदीची लगड तोलून घ्यावी, तोलून विकावी; ती वितळविली तरी तिचे मोल जात नाही. नाण्याचे तसे नाही. त्याचे सारे सांगणे पृष्ठभागावर असते. हवेतील गंधकामुळे चांदीवर जो काळसर थर येतो, तो चांदीचाच झालेला असतो. तो घासला की त्याबरोबर थोडी चांदी जाते, बारीक ओरखडे उठतात, आणि एकदा गेलेले पुन्हा आणता येत नाही.

हा पृष्ठभाग किती बोलतो, याचे उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे सव्वातेरा हजारांच्या आसपास चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती. पण त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविला होता. पराभूताच्या मुखवट्यावर विजेत्याची मुद्रा! ही नाणी कोणी मुशीत घातली असती तर काही शेर चांदी हाती आली असती, आणि एका सत्तांतराचा साक्षीदार नाहीसा झाला असता. मी राहतो त्या शहरातही यशवंतपूरला १८९१ साली रोमन सम्राटांची चांदीची नाणी मिळाली. दोन हजार वर्षांपूर्वीचा समुद्रापलीकडील व्यापार या पठारापर्यंत पोहोचला होता, हे त्या नाण्यांनी सांगितले.

जुन्या नाण्यांची ही कथा. नव्यांची काळजी तर अधिकच नाजूक. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली दहा रुपयांचे नाणे निघाले : वजन १५ ग्रॅम, चांदी ऐंशी टक्के. मुंबईच्या टांकसाळीने त्याची संग्राहकांसाठी 'प्रूफ' नाणीही पाडली. सामान्य नाण्यावर मुंबईची खूण म्हणून चौकटीच्या आकाराचा ठिपका असे; प्रूफवर 'बी' हे अक्षर. प्रूफ नाण्यासाठी ठसे आणि चकत्या आधी घोटून चकचकीत करतात आणि अधिक दाबाने एकाहून अधिक वेळा ठसा उमटवितात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी होते. अशा आरशावर बोटाचा एक ठसा उमटला तरी त्यातील घाम आणि तेल हळूहळू आपली खूण कोरून ठेवतात.

म्हणून काही साधे नियम पाळावेत. नाणे नेहमी कडेने धरावे. खाली मऊ कापड अंथरलेले असावे, म्हणजे हातातून निसटले तरी इजा होत नाही. प्रूफ नाणे त्याच्या डबीतून काढू नये, आणि काढलेच तर त्यावर वाकून बोलू नये. थुंकीचा सूक्ष्म थेंबही डाग पाडतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नयेत. काही वर्षांनी त्यांवर हिरवट, चिकट थर येतो. रबर, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद दूर असावा. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी. नाणे कोठून, केव्हा आणि कोणाकडून आले, हे एका वहीत लिहावे. ते आपल्यामागे कोणी सांगणार नाही. आणि सर्वांत मोठा नियम : घासू नये.

आमचा रुपया अजून आहे. बाजारात त्याला आता फक्त चांदीचा भाव येईल. पण तो आजोबांचा आहे, तेवढे मला पुरते. गेल्या काही वर्षांत त्यावर पुन्हा किंचित करडी छटा येऊ लागली आहे. मागच्या दिवाळीला माझी मुलगी तो घासायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि रांगोळी ताम्हनाभोवती काढायला सांगितली.