ओसाड म्हणजे रिकामं नव्हे

एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. नादेझ्दा वोल्पिन यांचा तिचा रशियन अनुवाद आला १९५६ साली. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचताना मी कथानकापेक्षा निसर्गवर्णनांपाशीच अधिक रेंगाळले.

पहिली अडचण ‘मूर’ या शब्दाची. यॉर्कशायरमधला मूर म्हणजे उंचावरचा, जवळजवळ झाडं नसलेला, ओला, वाऱ्याने झोडपलेला माळ. त्यावर हेदरची बुटकी झुडपं असतात आणि ऑगस्टमध्ये ती जांभळी होतात. आपलं माळरान त्याच्या जवळचं वाटतं, पण ते कोरडं. रशियनमधली ‘स्तेप’ सपाट आणि गवताळ. ‘बलोता’ म्हणजे दलदल. ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’च्या गाजलेल्या रशियन अनुवादात मूरसाठी हाच शब्द आहे आणि भयकथेला तो शोभतोही. पण कॅथरिन आणि हीथक्लिफ लहानपणी मूरवर दिवसदिवस हुंदडतात. दलदलीत कोण हुंदडेल?

म्हणून रशियनमध्ये रूढ झाली ती ‘वेरेस्कोवाया पूस्तश’, म्हणजे हेदरची ओसाड जमीन. हेदर रशियातही उगवतो, पण बऱ्याचदा पाइनच्या जंगलात. तरीही हा शब्द वाचकाला ब्रिटनमध्ये नेतो. स्टीव्हन्सनच्या हेदरवरच्या कवितेचा मार्शाक यांनी १९४१ साली केलेला अनुवाद रशियात फार लोकप्रिय झाला. एका अनुवादाने दुसऱ्यासाठी जमीन नांगरून ठेवली, असंच म्हणायला हवं.

पण ‘पूस्तश’ या शब्दाचं मूळ आहे ‘रिकामं’. कॅथरिनला स्वप्न पडतं, की ती स्वर्गात आहे. तिथे तिला करमत नाही, ती रडते. चिडलेले देवदूत तिला हेदरच्या माळावर फेकून देतात आणि ती आनंदाने हुंदके देतच जागी होते. तिचं सगळं जग जिथे आहे, ती जागा वाचकाला रिकामी वाटली, तर कॅथरिनच त्याला कळणार नाही.

शीर्षकाचंही तसंच. ‘ग्रझवोय पिरिवाल’ म्हणजे गडगडाटी वादळाची खिंड. मूळ घर उंचवट्यावर आहे आणि ‘वुदरिंग’ हा बोलीतला शब्द घोंघावणाऱ्या वाऱ्याचा आहे. पण त्या घराजवळची, वाऱ्याने एकाच बाजूला कललेली खुरटी झाडं अनुवादात नीट उभी राहिली, की वारा दिसतो. एकेका शब्दातून निसटलेलं असं बारकाव्यांतून परत मिळवावं लागतं. म्हणूनच, वर्णनं लांबली म्हणून ती आटोपती घेण्याचा मोह अनुवादकाने टाळायला हवा.