पदवीनंतरची शागिर्दी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. लेथ मशीनसमोर मी कधी उभा राहिलो नाही. तरीही इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलामुलींशी आज बोलणार आहे, कारण ज्या चुकीविषयी बोलायचे आहे तिची सुरुवात माझ्याच वर्गात झाली.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कारखाने पसरले. त्यांच्या आधाराने आपल्यापैकी कित्येकांची गॅरेजे आणि वेल्डिंगची दुकाने चालली. तेथे शिकण्याची रीत एकच होती, उस्ताद आणि शागीर्द. आता त्याच घरांतील मुले डिप्लोमा, डिग्री घेऊन कारखान्यात जातात. आनंदाची गोष्ट आहे. पण डिग्री हाती आली की शागिर्दी संपली असे त्यांना वाटते, आणि तेथेच घात होतो.

माझा एक विद्यार्थी, गॅरेज मिस्त्रीचा मुलगा, इंजिनिअर होऊन चाकणकडील एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. दुसऱ्याच महिन्यात एका भागाचे सुधारित ड्रॉइंग आले. त्यात भोकाचे माप बदलले होते. मशीनवरच्या वयस्कर ऑपरेटरने विचारले, "साहेब, माप बदललंय ना? पहिला नग मोजून घ्यायचा का?" याला ते ठाऊक नव्हते. पण दहावी शिकलेल्या माणसासमोर ते कबूल कसे करायचे? "काम चालू द्या," म्हणाला. पाळी संपेपर्यंत निघालेले सगळे नग रिजेक्ट झाले.

राजीनामा लिहूनच तो माझ्याकडे आला. मी विचारले, "अरे, तू विचारले का नाहीस?" तो म्हणाला, "सर, शाळेत विचारले की वर्ग हसायचा, आणि तुम्ही म्हणायचात, एवढेही येत नाही का?" मला उत्तर सुचले नाही. उत्तर त्याच्या वडिलांनी दिले : "माझ्या उस्तादाने सहा महिने माझ्याकडून नुसते पार्ट धुऊन घेतले. रोज शंभर प्रश्न विचारायचो. तुला एक विचारायला लाज वाटली?"

राजीनामा फाटला. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांपुढे चूक कबूल केली आणि त्या ऑपरेटरला 'चाचा' म्हणून शिकवा अशी विनंती केली. टूलचा आवाज बदलला की काय समजावे, हे त्याला चाचांनी शिकविले.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आपण नेहमी घेतो. त्यांच्या वरिष्ठांचे, प्रा. सतीश धवन यांचे, फारसे घेत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे उड्डाण फसले. प्रकल्पप्रमुख कलाम होते, परंतु पत्रकारांपुढे जबाबदारी धवन यांनी घेतली. १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले, तेव्हा पत्रकारांपुढे त्यांनी कलामांना पाठविले. असा वरिष्ठ लाभणे हे भाग्य आहे. पण जो आपली चूक लपवितो, त्याच्या पाठीशी असा वरिष्ठही उभा राहू शकत नाही.

विद्यार्थ्यांनो, खिशात वही ठेवा. रोज एक प्रश्न विचारा, आणि ज्याला येते त्याला विचारा, मग त्याची डिग्री असो वा नसो. मुलींनो, हे तुम्हांलाही तितकेच लागू आहे.

पालकांनो, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ पासून डिग्री-डिप्लोमाधारकही येतात. त्यात विद्यावेतन थोडे असते, पुढे तेथेच नोकरी मिळेल अशी हमीही नसते. तरी मुलगा घरी आल्यावर "किती मिळाले?" याआधी "काय शिकलास? कोणाकडून?" हे विचारा.

आणि पिंपरी, भोसरी, चाकण येथे नोकरीस असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी प्रत्येकाने एका नवशिक्याला हाताशी धरावे. आज जाण्यापूर्वी कार्यालयातील वहीत आपले नाव लिहून जा.

माझ्यापुरते सांगतो, माझ्या वर्गात आता प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. हे शिकायला मलाही एका विद्यार्थ्याची शागिर्दी करावी लागली.