दह्यावरचं पिवळं पाणी

दह्यावर सुटलेलं पिवळसर-हिरवट पाणी आपण रोज पाहतो. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचा. आज ज्या आजाराबद्दल सांगणार आहे, त्याचं औषध हेच.

मेंदूतून डोळे, चेहरा, कान, घसा, जीभ यांच्याकडे नसांच्या 12 जोड्या जातात. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात मुलांच्या यातल्या काही नसा एकेक करून दुबळ्या होत जातात. बहुधा सुरुवात कानापासून होते. हाक मारली तरी मूल वळत नाही. घरचे म्हणतात, ‘ऐकून न ऐकल्यासारखं करतो.’ मग पाणी पिताना ठसका लागतो, बोलणं गेंगाणं होतं, पापणी उतरते. श्वासाचे स्नायू थकले की जिवावर बेततं.

ब्राउन यांनी 1894 मध्ये, व्हियालेत्तो यांनी 1936 मध्ये आणि व्हान लारे यांनी 1966 मध्ये हा आजार नोंदवला. आजाराला तिघांची नावं मिळाली, उपाय मात्र मिळाला नाही. 2010 मध्ये एक सदोष जनुक सापडलं आणि कोडं सुटू लागलं. रायबोफ्लेविन पेशीत नेणारं प्रथिनच या मुलांत नीट काम करत नाही. दारात माल आलाय, पण गोणी उचलायला हमाल नाहीत, अशी गत. म्हणून नुसतं दूध-दही वाढवून भागत नाही. एरवी दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. इथे किलोमागे 10 ते 80 मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं. 15 किलोच्या मुलाला किलोमागे 50 दिले, तर दिवसाचे 750 झाले! लघवी गर्द पिवळी होते, त्याला घाबरू नये.

बरीच मुलं सुधारतात, काहींचा आजार जिथल्या तिथे थांबतो. पण उशीर झाला तर गमावलेलं सगळं परत येत नाही. म्हणून संशय येताच, जनुक तपासणीच्या अहवालासाठी न थांबता, डॉक्टर औषध सुरू करतात.

आईवडील दोघेही या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. नात्यातल्या लग्नात असा योग जुळणं सोपं. एका मुलाला आजार निघाला, तर भावंडांनाही तपासून घ्या.

आणि एक करा. कानासाठी एक डॉक्टर, ठसक्यासाठी दुसरा, असं झालं तरी दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा. निदानाचा धागा तिथेच सापडतो.