ताई, तुम्ही कोणाकडून आलात?



निवडणुकीच्या दिवसांत डोंबिवलीत कुठल्याही इमारतीचा जिना चढून बेल वाजवा. आतलं लाकडी दार उघडतं, बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर मात्र बंदच राहतं, आणि जाळीआडून पहिला प्रश्न येतो, "कोणाकडून आलात?" प्रश्न रास्त आहे. त्या दिवसांत बेल वाजवणारा माणूस कोणाकडून तरी आलेलाच असतो. हातात पत्रकं असतात, गळ्यात उपरणं असतं. आमच्या हातात फक्त मतदार यादीची पानं असतात. आम्ही सांगतो, "कोणाकडूनच नाही. तुमचं नाव यादीत आहे का, एवढंच बघायला आलोय." यावर काही दारं लगेच बंद होतात. पण बरीच उघडतात, कारण आपलं नाव यादीत आहे की नाही हे पुष्कळांना खरोखरच ठाऊक नसतं.

आमचा गट अगदी साधा. निवृत्त शिक्षिका, बँकेतून बाहेर पडलेले दोघं-तिघं, कॉलेजची काही मुलं. नोंदणी नाही, फलक नाही. ठाण्यात लोकमान्य नगर, वागळे इस्टेट, घोडबंदर रोड, इकडे कल्याण पूर्वेत कोळसेवाडी आणि आमची डोंबिवली, एवढाच आमचा परीघ.

आपल्या भागाचं नाव मतदानाच्या बाबतीत चांगलं नाही, हे मला फार लागतं. 2019 च्या लोकसभेला कल्याण मतदारसंघात सुमारे 45 टक्के मतदान झालं. 2024 च्या मे महिन्यात ते जेमतेम 50 टक्क्यांवर आलं, आणि ठाण्यात 52 च्या आसपास. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये 70 टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिलं. तिथे जंगलातून चालत केंद्र गाठावं लागतं, इथे केंद्र दोन गल्ल्यांवरच्या शाळेत असतं. त्याच वर्षी विधानसभेच्या तारखा जाहीर करताना मुख्य निवडणूक आयुक्तांनी शहरी उदासीनतेची उदाहरणं दिली, त्यांत कुलाब्याबरोबर आपल्या कल्याणचं नाव घेतलं. ज्या डोंबिवलीत 1999 साली पाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा सुरू झाली, जिथे सकाळी सहाला फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, त्या गावाला कोणी उदासीन म्हणावं, हे मला पटत नाही. दारोदार फिरल्यावर तर मुळीच पटत नाही.

माझं म्हणणं असं आहे की मतदानाचा टक्का मतदानाच्या दिवशी ठरत नाही. तो त्याच्या कितीतरी महिने आधी यादीत ठरून गेलेला असतो. हे मला जिन्यांनी शिकवलं.

यादीचं एक पान घेऊन एखाद्या जुन्या तीन मजली इमारतीत जा. इमारतच जागेवर नसते. पुनर्विकासाला गेली, पत्रे लागले, बोर्ड लागला. माणसं भाड्याने कोणी ठाकुर्लीला, कोणी बदलापूरला, कोणी पलावात गेली. नावं मात्र त्या पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर तशीच. पुढच्या इमारतीत आजोबा वारून सहा वर्षं झाली, नाव आहे. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, नाव आहे. मुलगा पुण्यात आयटीत, नाव आहे. आणि त्याच घरात आलेली सून, जी रोज इथेच राहते, इथलाच नळ भरते, इथलाच कचरा खाली नेते, तिचं नाव नाही. टक्का काढताना भागायचं असतं ते यादीतल्या सगळ्या नावांनी. म्हणजे जे नाहीत ते मत न देणाऱ्यांत मोजले जातात, आणि जी आहे ती मोजलीच जात नाही.

अशी एक सून मला डोंबिवली पश्चिमेला भेटली. लग्नाला आठ वर्षं झालेली, नाव माहेरी, चिपळूण तालुक्यातल्या गावात. आधार कार्डावर सासरचा पत्ता, रेशनकार्डावर सासरचं नाव, मतदार यादीत मात्र अजून वडिलांच्या घरी. सासूबाई म्हणाल्या, "तिला कुठे वेळ असतो." सून काही बोलली नाही, पण भाजी चिरता चिरता ओट्यावरून हात पुसून मोबाईल घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसूनच आम्ही आठ नंबरचा फॉर्म भरला. नवीन नावासाठी सहा नंबरचा, नाव कमी करण्यासाठी सात नंबरचा, पत्ता बदलणं किंवा दुरुस्ती यासाठी आठ नंबरचा. हे तीन आकडे आता आम्हाला लोकलच्या वेळांसारखे पाठ आहेत. फोटो कुठला लावायचा यावर सासू-सुनेचं थोडं झालं. शेवटी लग्नातल्या फोटोतला चेहरा नको, साधाच काढू, असं ठरलं. पुढे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्र स्तरीय अधिकारी, बाई चौकशीला आल्या. त्या स्वतः शाळेत शिकवतात, शाळा सुटली की पिशवी घेऊन घरं हिंडतात. त्यांच्या कष्टांबद्दल बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

बायकांची नावं यादीतून निसटणं ही आपल्याकडे जुनीच गोष्ट आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, विशेषतः उत्तरेकडच्या प्रांतांत, अनेक बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवायला नकार दिला, आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळली गेली. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःची नावं सांगावीत, असा त्यामागचा हेतू होता. आज नाव सांगायला कोणी लाजत नाही. पण लग्नानंतर नाव आपोआप सासरी येत नाही, ते आणावं लागतं, आणि आणायचं राहून जातं.

दुसरा प्रकार खास आपल्या कोकणी माणसाचा. "आमचं नाव गावाला आहे." गावच्या ग्रामपंचायतीत आपलं मत असावं, घरभाट आहे, भाऊबंद आहेत, या मायेपोटी ठाण्या-डोंबिवलीत तीस वर्षं काढलेला माणूसही नाव हलवत नाही. काहींची नावं दोन्हीकडे असतात. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असायला हवं, आणि हे दारात सांगताना आम्हाला आवाज खाली ठेवावा लागतो, कारण समोरच्याला ते गावाशी नातं तोडायला सांगितल्यासारखं वाटतं. आम्ही एवढंच विचारतो, पाणी कुठल्या नळाचं पिता? खड्डे कुठल्या रस्त्याचे चुकवता? मग निर्णय त्यांचा.

20 मे 2024 ला लोकसभेचं मतदान होतं तो सोमवार होता. शनिवार, रविवार आणि लागून सोमवार, त्यात मुलांना सुट्ट्या, त्यात आंबे. निम्मी आळी गावाला. आणि जे राहिले त्यांतल्या किती जणांना केंद्रावर गेल्यावर कळलं की नाव यादीत नाही. ओळखपत्र हातात, नाव गायब. ओळखपत्र असलं म्हणजे मत असतंच असं नाही, हे पुष्कळांना त्या दिवशी उन्हात उभं राहून समजलं. त्या माणसांना आळशी म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्यासोबत रांगेत उभं राहावं. विधानसभेचं मतदान मग 20 नोव्हेंबरला, मुद्दाम आठवड्याच्या मधल्या बुधवारी ठेवलं गेलं. त्याचा उपयोग झाला असं मला वाटतं.

आता दारात जाऊन बोलल्याने खरंच काही होतं का? हे मला घरचेही विचारतात. यावर पद्धतशीर अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 1998 साली ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी सुमारे 30 हजार मतदारांवर प्रयोग केला. काहींच्या घरी माणसं पाठवली, काहींना पत्रं, काहींना फोन. प्रत्यक्ष भेटीने मतदान स्पष्ट वाढलं, पत्रांनी थोडंसं, फोनने जवळपास काहीच नाही. पुढे डेव्हिड निकरसन यांनी डेन्व्हर आणि मिनिआपोलिसमध्ये प्रत्येकी दोन मतदार असलेली घरं निवडली आणि दार उघडेल त्याच्याशीच बोलणं केलं. दारात जो परिणाम झाला, त्यातला सुमारे 60 टक्के घरातल्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचला. तिकडचं सगळंच इकडे लागू होईल असं नाही, पण दुसरी गोष्ट मी आमच्या चाळींत पाहते. सेफ्टी डोअरपाशी आजीशी बोलावं, आणि उत्तर आतल्या खोलीतून नातवाने द्यावं, असं किती वेळा होतं!

दारात काय बोलायचं यालाही अनुभव लागतो. "मतदान हा पवित्र हक्क आहे" वगैरे म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि विसरतो. आम्ही विचारतो, "त्या दिवशी किती वाजता जाल? चहाच्या आधी की नंतर? बरोबर कोण?" डोंबिवलीत या प्रश्नाला वजन आहे, कारण इथल्या माणसाचा दिवस घड्याळावर नाही, लोकलवर चालतो. सुट्टी जाहीर असली तरी दुकानांत, खाजगी दवाखान्यांत, सुरक्षा रक्षकांना, डिलिव्हरीच्या मुलांना ती मिळतेच असं नाही. भरपगारी सुट्टी देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, हे सांगितलं की ते म्हणतात, "ताई, तुम्ही सांगा त्यांना." याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मग आम्ही सकाळी सातची पहिली रांग सुचवतो.

सगळ्यांत अवघड दार रागावलेल्या माणसाचं. एमआयडीसीजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, 2016 च्या मे महिन्यात स्फोट झाला, 2024 च्या मे महिन्यात मतदानानंतर तीनच दिवसांनी पुन्हा झाला, मग मत देऊन मला काय मिळालं? अशा वेळी मी वाद घालत नाही. त्यांचा राग खरा आहे, आणि ज्याला राग येतो तो उदासीन नसतो. मी ऐकते, यादीत नाव आहे का ते बघते, नोटाचं बटणही असतं एवढं सांगते, आणि उतरते.

घोडबंदर रोडच्या टॉवरांत तर दारापर्यंत पोचणंच कठीण. गेटवर नोंद, इंटरकॉम, मग सेक्रेटरींची परवानगी. तिथे आम्ही आत जायचा हट्ट सोडला आणि क्लब हाऊसमध्ये रविवारी सकाळी एक टेबल मागून घेतलं. चाळीत उलट. एका घरी पाणी प्यायलो की पुढच्या चार घरी आमच्या आधी बातमी जाते.

15 जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीने आमचं काम वाढवलं. कल्याण-डोंबिवलीत त्याआधीचं मतदान 1 नोव्हेंबर 2015 ला झालं होतं. मुदत 2020 मध्ये संपली आणि पुढची पाचेक वर्षं प्रशासकाची. म्हणजे सत्तावीस वर्षांच्या मुलीनेही आयुष्यात कधी नगरसेवक निवडलेला नव्हता. त्यात बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार जागा, चार मतं. लोकांना वाटायचं, एक बटण दाबलं की झालं. आम्ही पुठ्ठ्यावर चार रंगांचे कागद लावून नेले, पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा, आणि प्रत्येक रंगावर एकदा बोट ठेवायला लावलं. चौथं बटण दाबेपर्यंत मतदान पूर्ण होत नाही, हे आज्यांना नातवंडांपेक्षा लवकर कळलं.

आणि तिथेही पुन्हा यादीच आडवी आली. महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात, आणि या वेळी ती 1 जुलै 2025 ची होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर चिठ्ठ्या वाटणारा एक मुलगा स्वतः मत देऊ शकला नाही. वर्षात चार तारखा असतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण असतील तर नाव लागतं, आणि अर्ज सतराव्या वर्षीच करून ठेवता येतो. बारावीच्या वर्गांत हे कोणी जाऊन सांगत असेल तर आमचे अर्धे जिने वाचतील.

घरी म्हातारं माणूस असेल त्यांच्यासाठीही एक सांगते. लोकसभा-विधानसभेला 85 वर्षांवरील आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. त्यासाठी 12 ड नमुना, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. ही मुदत फार लवकर निघून जाते. शंका असेल तर 1950 हा क्रमांक लावा.

प्रत्यक्ष दिवशी आमचं काम थोडंच उरतं. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही. आमचा प्रचार नसतोच, तरी आम्ही बाहेरच थांबतो. दुपारी तीननंतर ज्यांनी संध्याकाळची वेळ सांगितली होती त्यांना हाक मारायची. आणि विधानसभेच्या बुधवारी पाच वाजल्यापासून आमची मुलं स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर उभी होती, एकच गोष्ट सांगत : सहाच्या आत रांगेत उभे राहा, मग कितीही वाजोत, मत देता येतं. सहा वाजले की केंद्राध्यक्ष रांगेतल्या लोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, आणि त्या शेपटाकडून सुरू करतात, म्हणजे मागून कोणी घुसू नये. त्या संध्याकाळी ठाण्याच्या एका दवाखान्यातून ड्युटी संपवून आलेली एक परिचारिका धावत आली, पायांत अजून दवाखान्यातलीच चप्पल. तिला एक नंबरची चिठ्ठी मिळाली, कारण ती सगळ्यांत शेवटची होती. तिने मत दिलं तेव्हा साडेसहा होऊन गेले होते.