आंतरराष्ट्रीय संघटनांचा कायदा आणि खानदेशातील जिन



 राष्ट्रसंघ कसा स्थापन झाला, १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद कशी सिद्ध झाली, आणि संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ बर्नाडोट यांच्या वधानंतर १९४९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या संघटनेस स्वतःच्या नावाने भरपाई मागण्याचा अधिकार कसा मान्य केला, हे आपणांस विदित आहेच. तो भाग मी सोडून देतो. माझे प्रतिपादन निराळे आहे. सरकारांनी एकत्र येऊन निर्माण केलेली संस्था त्याच सरकारांना बांधू शकते काय, या प्रश्नाची पहिली खरी कसोटी मजुराच्या कामाच्या तासांवर लागली, आणि त्या कसोटीचा दाखला पाहावयास जिनीव्हास जाण्याचे कारण नाही. तो आपल्या जिनांत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, आहे.

१८८४-८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांविषयी जी जबानी झाली, ती या जिल्ह्यातील प्रत्येक सुशिक्षित माणसाने एकदा तरी वाचावी. एका व्यवस्थापकाने निर्विकारपणे सांगितले की, काम फारसे नेटाचे नसते तेव्हा इंजिन पहाटे चार-पाचला सुरू होते आणि रात्री सात, आठ किंवा नऊला थांबते; मधे खंड नाही, मजूर एकमेकांना सोडवून जेवून घेतात. मार्च-एप्रिलच्या धांदलीत तर जिन आणि प्रेस कित्येकदा रात्रंदिवस चालत, संध्याकाळी अर्ध्या तासाची विश्रांती मिळे, आणि बहुतेक तीच माणसे सुमारे आठ दिवस अशीच राबत. त्यापुढे चालणे अशक्य झाले म्हणजे मुंबईहून दुसरी माणसे आणवीत. इतके तास राबणारी माणसे वारंवार मरतात, हेही त्याच जबानीत नमूद आहे. मी हे विस्ताराने सांगतो आहे, विषयांतर होत आहे हे जाणून सांगतो आहे. कारण रुईच्या कणांनी भरलेल्या त्या कोंदट हवेत चरख्यापुढे उभे असलेले ते लोक आपल्याच खेड्यापाड्यांतले होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावेही दप्तरात उरलेली नाहीत.

आता कायदा काय करीत होता? १८८१ चा फॅक्टरी कायदा शंभर वा अधिक माणसांच्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू असल्यामुळे, हंगामी जिन त्यातून साफ निसटले. १९११ मध्ये हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले खरे, परंतु त्या कायद्याने प्रौढ पुरुषांना दिलेली बारा तासांची मर्यादा कापडगिरण्यांपुरती होती. इतर कारखान्यांतील पुरुषांच्या तासांना मर्यादा अशी नव्हतीच. (मागील बाजूने एक गृहस्थ : "आमच्या जिनात आजही घड्याळ मालकाच्याच मनगटावर असते!" हशा.) आपले म्हणणे मी विसरणार नाही.

यानंतर व्हर्सायचा तह येतो. त्याच्या तेराव्या भागाने १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन केली, आणि तीत दोन गोष्टी अशा घातल्या की ज्यांची योग्यता आपल्या विद्यापीठांतून अजून पुरतेपणी शिकविली जात नाही. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक मजुरांचा. आणि प्रत्येकाचे मत स्वतंत्र, म्हणजे मजुरांचा प्रतिनिधी आपल्याच सरकारविरुद्ध मत देऊ शकतो. दुसरी, कलम ४०५ : परिषदेने दोन-तृतीयांश मतांनी मंजूर केलेला मसुदा सरकारला पटो वा न पटो, एका वर्षात, फार तर अठरा महिन्यांत, तो कायदा करणाऱ्या सत्तेपुढे ठेवलाच पाहिजे. स्वीकारण्याची सक्ती नाही, पण दडपून ठेवण्याची मुभाही नाही. माझ्या मते गेल्या शतकातील आंतरराष्ट्रीय कायद्याची ही सर्वांत मोठी कल्पकता होय.

या संघटनेच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेला हिंदी मजुरांतर्फे नारायण मल्हार जोशी गेले. त्यांची नेमणूक सरकारने केली होती. परंतु प्रतिनिधी सर्वांत अधिक प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा, असे तहाचेच कलम असल्यामुळे अशी देशव्यापी संघटना उभी करणे भाग पडले, आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस जन्मास आली. वॉशिंग्टनच्या तासांविषयीच्या करारात हिंदुस्थानासाठी साठ तासांच्या आठवड्याचे स्वतंत्र कलम होते; पराधीन असलेल्या आपल्या देशाने तो करार १४ जुलै १९२१ रोजी मंजूर केला, आणि १९२२ च्या दुरुस्तीने वीस वा अधिक माणसांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याचे साठ आणि दिवसाचे अकरा तास ही सीमा घातली गेली.

कोणी म्हणेल की, हा वकिली बुद्धिविलास आहे. सुधारणा लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या मत्सरातून आणि मजुरांच्या संपांतून झाली. संपांचे श्रेय मी कणभरही कमी करीत नाही. परंतु संपाने मिळालेली सवलत मालक पुढच्या मंदीत परत घेतो, आणि मंजूर केलेल्या कराराविषयी सरकारला ठरावीक काळाने जिनीव्हातील मजूर संघटनेकडे अहवाल धाडावा लागतो, हा भेद लहान नव्हे. उलट आक्षेप घ्यावयाचाच तर १९३४ च्या कायद्यावर घ्या : बारमाही कारखान्यांना आठवड्याचे चोपन्न तास लाभले, आणि हंगामी म्हणून जिनांना पुन्हा साठच! त्या वेळी खानदेशातून मोठा आवाज उठावयास हवा होता. जिनांना अठ्ठेचाळीस तासांसाठी १९४८ उजाडावे लागले. आणि मघाच्या गृहस्थांनी सांगितलेले घड्याळ खरे असेल, तर कायदा आहे, त्यामागे आंतरराष्ट्रीय वचन आहे, आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे अर्ज करण्यास एक कोरा कागद पुरतो. (टाळ्या.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली. मग शेतमजुरांचा भाग मला धावतच सांगावा लागेल. मजूर संघटनेचा अधिकार शेतीपर्यंत पोचतो काय, अशी शंका फ्रान्सने काढली, आणि १२ ऑगस्ट १९२२ रोजी हेगच्या स्थायी न्यायालयाने तह समग्र वाचून तो पोचतो असे मत दिले. शेतमजुरांना संघटित होण्याचा इतरांइतकाच हक्क देणारा १९२१ चा करार हिंदुस्थानाने १९२३ च्या मे महिन्यात मंजूर केला. मात्र संघटना-स्वातंत्र्याचा १९४८ चा सत्त्याऐंशीवा आणि सामुदायिक वाटाघाटींचा १९४९ चा अठ्ठ्याण्णवावा, हे दोन करार स्वतंत्र भारताने अद्याप मंजूर केलेले नाहीत. सरकारी नोकरांवरील निर्बंधांची अडचण पुढे केली जाते. जिनीव्हाच्या प्रत्येक अधिवेशनात संमत झालेले मसुदे संसदेपुढे ठेवावे लागतात. जळगाव-धुळ्याच्या खासदारांनी त्या मसुद्यांवरील सरकारी निवेदने मागवावीत आणि या दोन करारांविषयी सभागृहात प्रश्न विचारावा, असे पत्र आपल्यापैकी ज्यांना त्यांच्याकडे धाडावयाचे असेल, त्यांना मसुदा करून देण्यास मी येथे थांबलो आहे.