शब्दांचा भुलभुलैया आणि आपली मुले



एका चित्रात देऊळ आहे, शेजारी गाव आणि पुढे मुकुट घातलेला राजा. ओळखा पाहू ठिकाण! आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मूल चटकन सांगेल, देऊळगाव राजा.

क्रिस्टोफर मॅन्सन यांचे ‘मेझ’ हे १९८५ सालचे इंग्रजी पुस्तक याच धर्तीचे आहे. त्यात ४५ खोल्यांची चित्रे असून दारांवर आकडे आहेत. पहिल्या खोलीतून ४५ व्या खोलीत जाऊन १६ पावलांत परत यायचे. योग्य दार कोणते, हे चित्रांतील वस्तूंत व शब्दांच्या श्लेषात दडलेले असते.

हा वेळेचा अपव्यय, असे कोणी म्हणेल. पण ‘कलम’ हा शब्द घ्या. उर्दूत लेखणी, मराठीत आंब्याचे कलम आणि कायद्याचेही कलम. अबजदने मोजा: काफ १००, लाम ३०, मीम ४०, बेरीज १७०. एका शब्दात चार खुणा! घरी उर्दू आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाजवळ अशा दुहेरी किल्ल्या असतात. त्यांना ओझे म्हणून आपणच त्या हिरावून घेऊ नयेत.

विद्यार्थ्यांनो, चित्रातील प्रत्येक वस्तूचे नाव दोन्ही भाषांत लिहा, मग त्याचा दुसरा अर्थ शोधा. वाट चुकली तर मागच्या दाराशी या. पालकहो, आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांजवळ बसा. उत्तर सांगू नका. पुढचा प्रश्न विचारा.

खुदा हाफिज.