ब्रेक नसलेली गाडी

जत्रेतला ‘मौत का कुआँ’ तुम्ही पाहिला असेल. त्याच्याच जातकुळीतला, पण रीतसर नियमांनी खेळला जाणारा एक खेळ म्हणजे स्पीडवे. पाचशे सीसीची मोटारसायकल, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. ब्रेक असता तर पुढच्याने तो दाबताच मागचा त्याच्यावर आदळला असता! चार स्वार लंबगोल मातीच्या धावपट्टीवर चार फेऱ्या मारतात आणि मिनिटाभरात शर्यत संपते. वळणावर स्वार मागचं चाक मुद्दाम घसरवतो, हँडल उजवीकडे फिरवतो आणि गाडी डावीकडे वळते. डाव्या पायाच्या बुटाला पोलादी तळ असतो. तोच त्याचा आधार.

या खेळातला आयव्हन मेजर मला फार जवळचा वाटतो. आडनाव उच्चारायचं मेजर; लष्कराशी संबंध नाही. जन्म १९३९ चा, न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचा. १९५७ मध्ये, वयाची अठरा वर्षंही पुरी झालेली नसताना, तो इंग्लंडला गेला. विम्बल्डनच्या संघात जागा टिकेना, म्हणून मैदानावर पडेल ते काम केलं आणि शेवटी घरी परतला. अशी परतलेली मुलं आपल्याही गावात असतात. त्यांच्याशी लोक जरा जपूनच बोलतात.

मेजर १९६३ मध्ये पुन्हा गेला, या वेळी न्यूकॅसलच्या संघात. आता तो नुसता धाडसी राहिला नव्हता, काटेकोर झाला होता. गाडीची तयारी आणि सुरुवातीची फीत वर उडतानाचा तो एक क्षण, या दोन गोष्टींवर त्याने सगळं लक्ष लावलं. पहिल्या वळणावर पुढे असलेल्याच्या डोळ्यांत माती जात नाही, हे साधं गणित.

त्या काळी जगज्जेता एकाच दिवशी ठरे. सोळा स्वार, प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती. म्हणजे वर्षभर पात्रता फेऱ्या खेळायच्या आणि निकाल लागायचा प्रत्यक्ष गाडीवरच्या पाच-सहा मिनिटांत! एक सुरुवात चुकली की थेट पुढचं वर्ष. १९९५ पासून ही पद्धत बदलून अनेक फेऱ्यांची मालिका आली. न्याय त्यात अधिक आहे, पण त्या एका दिवसाची धाकधूक गेली.

त्या कसोटीत मेजर सहा वेळा जिंकला. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं, जे आधी कुणालाच जमलं नव्हतं. मग १९७२, १९७७ आणि शेवटी १९७९, पोलंडमध्ये, चाळिशीला महिनाभर कमी असताना. पुढे स्वीडनच्या टोनी रिकार्डसननेही सहा विजेतेपदं मिळवली. पण त्यातली बरीचशी नव्या पद्धतीतली.

सलग तिसऱ्या विजयानंतर दोन अमेरिकन चाहत्यांनी मेजरच्या गाडीला सोन्याचा मुलामा चढवून दिला. मेजर २०१८ मध्ये गेला. ती सोनेरी गाडी ख्राइस्टचर्चच्या संग्रहालयात ठेवली गेली, १९५७ मध्ये तो ज्या गावातून निघाला होता त्याच गावात.